इटालियन पेल्यातलं काडेचिराईत

लहानपणी ताप आला की आजी रात्री काडेचिराईत भिजत घालायची. सकाळी ते पाणी गाळून वाटीभर समोर यायचं. नाक दाबून, डोळे मिटून ते घशाखाली ढकलायचं आणि वर गुळाचा खडा. ती चव विसरता येत नाही. म्हणूनच पुढे कधीतरी नारिंगी रंगाच्या स्प्रिट्झचा, म्हणजे वाइन, सोडा आणि कडू मद्य यांच्या इटालियन पेयाचा, पहिला घोट घेतला, तेव्हा संत्र्याच्या गोडव्यामागून आलेला कडवटपणा मला ओळखीचा वाटला.

ही ओळख खरी आहे. काडेचिराईत आणि आल्प्सच्या कुरणांत वाढणारी जेन्शियन ही वनस्पती एकाच कुळातल्या. दोन्हींत अमारोजेन्टिन नावाचं द्रव्य असतं. निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत कडू पदार्थांपैकी हा एक. काही कोटी पट पातळ केला तरी जिभेला कळतो. इटलीतल्या बऱ्याच कडू मद्यांत जेन्शियनचं मूळ असतं. 1919 साली पादुआ शहरात बार्बिएरी बंधूंनी बाजारात आणलेल्या अपेरोलमध्येही (स्प्रिट्झमधलं नारिंगी मद्य ते हेच) कडू-गोड संत्री, रुबार्ब आणि सिंकोनाच्या सालीबरोबर ते असल्याचं सांगतात. नेमकी कृती कंपनीने गुपित ठेवली आहे. आपल्याकडे जे तापावरचं औषध, तेच तिकडे जेवणाआधीचं पेय. ‘अपेरितिवो’ हा शब्दच ‘उघडणं’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. भूक उघडायची, म्हणून आधी थोडं कडू.

स्प्रिट्झ हे नाव मात्र जर्मन. एकोणिसाव्या शतकात व्हेनिसचा प्रदेश ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तिथली वाइन ऑस्ट्रियन सैनिकांना जड वाटे, म्हणून ते तीत पाण्याचा शिडकावा मारायला सांगत, असं तिकडे सांगितलं जातं. जर्मनमध्ये शिडकाव्याला ‘श्प्रिट्झेन’ म्हणतात. पाण्याची जागा पुढे सोड्याने घेतली आणि विसाव्या शतकात त्यात कडू मद्य आलं.

आजचं रूढ प्रमाण 3-2-1 असं आहे: 90 मिली प्रोसेको, 60 मिली अपेरोल, 30 मिली सोडा. प्रोसेको ही इटलीच्या ईशान्येकडची फसफसणारी वाइन, मुख्यतः ग्लेरा द्राक्षांची. ती मिळाली नाही तर नाशिक-दिंडोरी भागात तयार होणारी कोरडी स्पार्कलिंग वाइनही छान चालते. प्रमाण पाठ करायला सोपं आहे. घरी पेय बिघडतं ते बहुतेक वेळा तापमानामुळे.

वायू थंड द्रवात जास्त विरघळतो. नेहमीच्या हवेच्या दाबाला 0 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 3.3 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो, 20 अंशांना जेमतेम 1.7, आणि 30 अंशांना 1.3 च्या आत. एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवलेली सोड्याची बाटली उघडताच उसळते आणि ग्लासात मात्र मलूल पडते, त्यामागचं कारण हेच.

दुसरा मुद्दा बर्फाचा. ‘बर्फ कमी घाला, पाणचट होईल’ असं आपण सर्रास म्हणतो. हिशेब करून पाहू. एकूण पेय 180 मिली. ते 30 अंशांवरून 0 अंशापर्यंत आणायला साधारण 22,600 ज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना 334 ज्यूल शोषतो. म्हणजे सुमारे 68 ग्रॅम बर्फाचं पाणी होणार, पेयाच्या एक तृतीयांशाहून जास्त! तेच सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये 5 अंशांपर्यंत गार केलेल्या असतील, तर जेमतेम 11 ग्रॅम बर्फ वितळतो. पेय पाणचट करतो तो कोमट द्रव. बर्फाला उगाच दोष मिळतो. काढायची उष्णता ठरलेली असल्यामुळे पेला बर्फाने काठोकाठ भरला तरी गार होताना वितळणारं पाणी वाढत नाही, उलट पेय गार राहतं जास्त वेळ. तेव्हा सोडासुद्धा फ्रिजमध्ये ठेवा. तो हमखास बाहेर राहतो.

आता बुडबुडे. बंद बाटलीत प्रोसेकोवर 3 बारपेक्षा जास्त दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरपेक्षा अधिक. बूच निघालं की दाब जातो, पण वायू लगेच निघून जात नाही. बुडबुडा जन्माला यायला त्याला एखादा आधार लागतो. फ्रान्समधल्या रेंस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनच्या बुडबुड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पेला पुसताना कापडाचे सूक्ष्म तंतू काचेला चिकटून राहतात, त्यांच्या पोकळीत हवा अडकते आणि तिथूनच बुडबुड्यांची माळ सुटते, हे त्यांनी दाखवलं. ताज्या बर्फाचा खरखरीत, हिम धरलेला पृष्ठभाग तर अशा जागांनी भरलेला असतो. म्हणून त्यावर वाइन धो-धो ओतली की फेस उसळतो आणि निम्मी मजा हवेत जाते. बर्फावरून आधी थोडं गार पाणी फिरवून ते ओतून टाका, मग पेला तिरका धरून वाइन काचेच्या कडेने सोडा. अपेरोल सर्वांत शेवटी. त्यात बरीच साखर असल्याने ते जड असतं, आपोआप खाली उतरतं आणि उतरताना मिसळतं. चमचा खालून वर एकदाच फिरवला की पुरे.

जिभेवरची झिणझिण बुडबुडे फुटल्याने होते, असं मीही बरीच वर्षं समजत होतो. पण आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर (एन्झाइम) असतं, ते कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल तयार करतं आणि तेच आपल्याला जाणवतं, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. हिमालयात ट्रेकला जाणारे आपले लोक विरळ हवेच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी घेतात. ती नेमकं हेच विकर रोखते, त्यामुळे गोळी घेणाऱ्यांना शीतपेयं बेचव लागतात. बुडबुडे डोळ्यांना दिसत असतात, पण जिभेला ते पोचत नाहीत!

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हे पेय सरबतासारखं उतरतं, पण अपेरोल आणि प्रोसेको दोन्हींत अल्कोहोल सुमारे 11 टक्के असतं. एका पेल्यात ते 16.5 मिली होतं, म्हणजे 5 टक्क्यांच्या 330 मिली बिअरमध्ये असतं तेवढंच. दोन पेले झाले की गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

वर संत्र्याची जाडसर चकती हवीच. फुटणारे बुडबुडे सालीतल्या तेलाचा वास थेट नाकाशी आणून सोडतात. व्हेनिसमध्ये पेल्यात हिरवं खारवलेलं ऑलिव्हही घालतात, आणि बाजूला खारट काहीतरी असतंच. मिठातलं सोडियम कडू चवीची जाणीव दाबतं, कारल्याच्या भाजीत मीठ नीट पडलं की ती जशी सुसह्य होते तसं. माझ्या घरी ऑलिव्ह नसतं. मी खारे शेंगदाणे ठेवतो. चार दाणे खाऊन घोट घेतला की जेन्शियन मागे सरतं आणि संत्रं पुढे येतं.