पणतीची ज्योत झकास हलते, मग मिरवणुकीचीच वाट का लागते?

दिवाळीत ती हलती पणती येते बघा, जिफ (GIF) म्हणजे हलत्या चित्राच्या फाइलमधली, ज्योत लुकलुकतेय, खाली 'शुभ दीपावली', कितीही जुन्या मोबाइलवर छान दिसते. आणि तेच विसर्जन मिरवणुकीच्या क्लिपचं कुणी कॉम्प्युटरवर जिफ केलं की गुलालाच्या जागी नुसते ठिपके, लेझीमवाले अडखळत नाचतायत आणि फाइल मात्र एवढी मोठी की उघडताना फोन रडतो. यात करणाऱ्याचा दोष फारसा नसतो. जिफची रचनाच अशी आहे की तिला पणती झेपते, मिरवणूक झेपत नाही.

हा प्रकार जुना आहे, जून १९८७ मधला. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्याच्या टीमने तो काढला, तेव्हा फोनच्या लाइनवरून मोडेमने डेटा यायचा तोही मुंगीच्या चालीने, त्यामुळे एकच ध्यास, फाइल लहान पाहिजे. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेम (हलत्या चित्रातलं एकेक चित्र) किती वेळ दाखवायची ते सांगायची सोय आली आणि एक रंग पारदर्शक ठरवायची पण. ते सारखं गोल गोल फिरत राहणं मात्र नंतर, १९९५ च्या सुमारास नेटस्केप ब्राउझरवाल्यांनी घुसवलं.

आता रंगांचं बघू. तुमच्या फोनच्या फोटोत १ कोटी ६७ लाख रंग येऊ शकतात, जिफच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६. म्हणजे आधी २५६ रंगांचा एक तक्ता करायचा आणि मग प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या एकेका बारीक ठिपक्याला, नुसता नंबर द्यायचा, हा ४१ नंबरचा, तो २०३ नंबरचा. ज्योतीला पिवळ्या-केशरीच्या थोड्याफार छटा पुरतात, वर मागे काळोख, झालं काम. मिरवणुकीत गुलाल आहे, फेटे आहेत, शंभर चेहरे, वर आभाळ, तिथे २५६ रंग कुठे पुरणार, मग सॉफ्टवेअर दोन रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाकून तिसऱ्याचा भास करतं. याला डिदरिंग म्हणतात. लांबून चालून जातं, जवळून मात्र चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं.

आणि या ठिपक्यांनी फाइलही फुगते. जिफ दाबून लहान करायची पद्धत एलझेडडब्ल्यू नावाची आहे, लेम्पेल, झिव्ह आणि वेल्च या तिघांच्या आडनावांवरून. ती चित्र ओळीओळीने डावीकडून उजवीकडे वाचत जाते, रंगांचा एखादा क्रम पुन्हा आला की तो अख्खा न लिहिता त्याला दिलेला छोटा कोड लिहिते. सलग काळा काळा काळा असेल तर पुढेपुढे एका कोडमध्ये लांबच्या लांब पट्टा बसतो, पण ठिपके विखुरलेले असले की क्रम जुळतच नाही आणि काही बचत होत नाही. म्हणून एक्सपोर्ट करताना डिदरिंग बंद करून बघा, सपाट रंगाच्या चित्रात फाइल एकदम खाली येते. (याच पद्धतीच्या पेटंटवरून युनिसिस कंपनीने १९९४ च्या शेवटी पैसे मागायला सुरुवात केली, लोक भडकले आणि त्या रागातून पीएनजी हा चित्रांच्या फाइलचा दुसरा प्रकार जन्माला आला. अमेरिकेतलं पेटंट २००३ मध्ये संपलं.)

खरी बचत मात्र तिसऱ्याच जागी आहे. जिफमधली दुसरी फ्रेम पहिलीएवढी मोठी असायलाच पाहिजे असं नाही, जेवढा तुकडा बदलला तेवढाच पाठवला तरी चालतो. हिशोब करा ना, ५०० बाय ५०० चं चित्र म्हणजे अडीच लाख पिक्सेल, ज्योत समजा ६० बाय ९०, म्हणजे ५,४००. सव्वादोन टक्केसुद्धा नाही! पणती, रांगोळी, अक्षरं एकदाच गेली, पुढे फक्त ज्योत. मिरवणुकीत कॅमेरा हातात, हात हलतोय, म्हणजे मागची भिंत जी जागची हलली नाही तीसुद्धा प्रत्येक फ्रेमला पुन्हा पाठवावी लागते. म्हणून व्हिडिओचं जिफ करायचंच असेल तर फोन कशाला तरी टेकवून शूट करा, माझ्या मते बाकी सगळ्या युक्त्या याच्यानंतर.

स्वतः करायचं तर गिंप हे चित्रांचं फुकटातलं सॉफ्टवेअर पुरतं. प्रत्येक लेयर (एकावर एक ठेवलेला चित्राचा थर) म्हणजे एक फ्रेम, ज्योतीचे सात-आठ लेयर काढायचे, फिल्टर्समध्ये ॲनिमेशनखाली 'ऑप्टिमाइझ फॉर जिफ' करायचं, न बदललेला भाग ते आपोआप गाळतं. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात (गिंपमध्ये मात्र मिलिसेकंदात लिहायचा, म्हणजे ७ च्या जागी ७०). सगळ्या फ्रेमना सारखाच वेळ दिला की ज्योत मशीनसारखी हलते, ७, १२, ९ असं वेडंवाकडं द्या, एकदम जिवंत वाटते. आणि हावरटपणा करून वेळ १ ठेवू नका, बहुतेक ब्राउझर ते मानतच नाहीत आणि सरळ १० धरतात, म्हणजे पळवायला गेलात आणि रांगायला लागलं.

व्हॉट्सॲपची गंमत वेगळीच. तिथे ज्याला जिफ म्हणतात तो आतून बिनआवाजाचा एमपी४ व्हिडिओ असतो, म्हणून मिरवणूक तिथे बऱ्यापैकी निभावते, पण पारदर्शकपणा जातो आणि पणतीमागे चौकोन येतो. चौकोन नको तर स्टिकर करा. तो वेबपी नावाच्या चित्रफाइलच्या प्रकारात, ५१२ बाय ५१२, हलता असेल तर ५०० केबीच्या आत. कच्चा, न दाबलेला डेटा धरला तर एवढ्या मापाची एक फ्रेम १ एमबी, २० फ्रेम २० एमबी, म्हणजे चाळीसपट दाबावं लागतं, तेव्हा न बदलणारा भाग वगळायची युक्ती इथेही लागतेच. डार्क मोडमध्ये काही स्टिकरच्या कडेला पांढरी कुरतडलेली किनार दिसते ना, ते स्टिकर बहुतेक वेळा जिफवरून केलेले असतात. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरलेला, मधलं काही नाही. वेबपीत मधल्या पायऱ्या असतात, म्हणून मूळ चित्र पीएनजीतच ठेवा.

आणि ते लाल-निळं भकभक करणारं 'हॅपी बर्थडे' जरा आवरा. काही लोकांना अशा झगमगाटाने फिट येऊ शकते, डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरचं एक कार्टून बघून शेकडो मुलं हॉस्पिटलात गेली होती. वेबसाठीचा नियम आहे की सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको. दोन फ्रेम आलटून पालटून आणि वेळ १० ठेवला तर सेकंदाला पाच होतात, तोच २५ केला की दोन.