सरकारचा टेक सल्लागार व्हायला इंजिनिअरच असावं लागतं? नाही हो

कित्येक वर्षं ऐकतोय की सरकारला टेक्नॉलॉजीवर सल्ला द्यायचा तर कॉम्प्युटरची डिग्री हवीच, आणि एकदा त्या खुर्चीत बसलं की कायदे हाच माणूस ठरवतो. दोन्ही चूक आहे.

अमेरिकेचे पहिले चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर (सीटीओ) अनीश चोप्रा, 2009 ला ओबामांनी नेमलेले, त्यांचं शिक्षण पब्लिक हेल्थ आणि पब्लिक पॉलिसीचं, कोडिंगचं नाही. आता उलटं उदाहरण घ्या, एड फेल्टन. प्रिन्स्टनमध्ये कॉम्प्युटर सायन्सचे प्रोफेसर, 2011 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनचे, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे, पहिले चीफ टेक्नॉलॉजिस्ट झाले, मग परत शिकवायला गेले आणि 2015 ला व्हाइट हाउसमध्ये डेप्युटी सीटीओ म्हणून आले. म्हणजे हे करिअर सरळ जिना नाहीच, ये-जा चालूच असते.

आणि निर्णयाचं म्हणाल तर सल्लागार नोट लिहितो, सही मंत्र्याची. समजा बोटाच्या ठशावर ओळख पटवायची योजना आहे, तर त्या नोटमध्ये खरी मेहनत कुठे असते माहितीये? हातमजुरी करून ज्यांचे ठसेच झिजलेत त्यांचं काय, मशीनने नाही म्हटलं तर पर्यायी रस्ता कोणता, डेटा किती दिवस ठेवायचा, आणि हे सगळं दोन पानांत, टेक्निकल भाषा न वापरता, कारण वाचणाऱ्याकडे वेळ नसतो. मला तर हेच कौशल्य सगळ्यात अवघड वाटतं. एवढं करूनही नोट बाजूला पडू शकते, तरी पुढची तितक्याच मनापासून लिहावी लागते.