'हॅव' दिसला की पूर्ण वर्तमानकाळ? थांबा जरा

लातूर-नांदेडकडच्या शिकवण्यांत पोरं एक सूत्र घोकतात: 'हॅव' अधिक क्रियापदाचं तिसरं रूप म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ. 'टु हॅव गॉन' आणि 'हॅविंग गॉन' समोर आले की हे सूत्र तोंडघशी पाडतं.

'गो'चा भूतकाळ 'वेंट'. पण क्रियापदाआधी 'टु' आला किंवा शेवटी 'इंग' लागला की इंग्रजी क्रियापदाला काळ दाखवताच येत नाही. 'टु वेंट' चालत नाही, 'वेंटिंग' तर नाहीच. मग 'हे आधी घडलं' हे सांगायचं कुणी? ते काम 'हॅव'कडे येतं.

पुरावा बघा. 'शी हॅज गॉन टु परभणी येस्टरडे' चूक, कारण पूर्ण वर्तमानकाळाला 'येस्टरडे' सोसत नाही. पण 'शी सीम्स टु हॅव गॉन टु परभणी येस्टरडे' बिनचूक! इथे 'हॅव गॉन'च्या पोटात साधा 'वेंट' दडलाय. साधा भूत, पूर्ण वर्तमान, पूर्ण भूत असे तिन्ही काळ या एकाच रूपात कोंबलेले असतात. इंग्रजी तेवढी काटेकोर अन् आपल्या भाषा ढिसाळ, असं 'फाडफाड इंग्रजी'वाले सांगतात, त्यांनी हे जरूर पाहावं. शिवाय हा 'आधी' आजच्या आधीचाच असतो असंही नाही. 'शी होप्स टु हॅव फिनिश्ड बाय मंडे' यात काम अजून व्हायचंय. ते फक्त सोमवार सरायच्या आधी संपायचंय. 'मस्ट हॅव गॉन'मध्येही हेच रूप आहे, 'टु' तेवढा गळलेला.

'टु हॅव' आणि 'हॅविंग' या दोघांतला फरक वाक्यातल्या जागेचा. 'टु हॅव गॉन' काढलं तर 'शी सीम्स' लटकत राहतं. 'हॅविंग ईटन, शी लेफ्ट'मधून 'हॅविंग ईटन' काढलं तरी वाक्य उभंच. ('डिनाइड हॅविंग गॉन'मधला 'हॅविंग' नामाचं काम करतो, तो वेगळा.)

'हॅविंग ईटन'मधल्या 'हॅविंग'चं काम आपला 'ऊन' प्रत्यय करतो: जेवून गेली. दखनी उर्दूत 'खाको', देगलूरपलीकडच्या तेलुगूत 'तिनि'. भाषाकुळं वेगळी असूनही भारतीय भाषांत ही रचना सर्रास आढळते. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मासिका यांनी 1976 साली दक्षिण आशियाच्या सामाईक भाषिक खुणांत ती धरली.

'हॅविंग ईटन, द बस लेफ्ट' म्हटलं तर बसच जेवली असा अर्थ होतो. 'जेवून एसटी सुटली' हेही तसंच. पण 'पाऊस पडून मांजरा धरण भरलं' यात कर्ते दोन असूनही मराठीला काही खुपत नाही. इंग्रजीत मात्र तिथे पहिल्या कर्त्याची जागा भरावीच लागते: 'इट हॅविंग रेन्ड'.