माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती: अर्जाआधी डिस्चार्ज बुक उघडा

आधी एक गैरसमज काढून टाकू. या शिष्यवृत्तीतून कॉलेजची फी परस्पर भरली जात नाही. मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात, तेही वर्षाचे एकदम, म्हणजे ३६,००० किंवा ३०,०००. पैसे येईपर्यंत पहिल्या वर्षाची फी भरून झालेली असते, तेव्हा तिची सोय वेगळी करावीच लागते.

योजना केंद्रीय सैनिक बोर्डाची, २००६-०७ पासूनची. वर्षाला ५,५०० जागा, निम्म्या मुलींना. माजी सैनिक आणि माजी तटरक्षक यांची मुलं आणि त्यांच्या विधवा पत्नी अर्ज करू शकतात. वडील अजून नोकरीत असतील तर नाही. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांची योजना वेगळी आहे, तिचा अर्ज इथे करू नका.

अभ्यासक्रम व्यावसायिक हवा: इंजिनीअरिंग, एमबीबीएस, फार्मसी, बीएड, बीबीए, बीसीए वगैरे. साधं बीए, बीकॉम चालत नाही. अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. प्रवेशाला लागणाऱ्या परीक्षेत, म्हणजे बारावी, डिप्लोमा किंवा पदवीला, किमान ६० टक्के लागतात. सीईटीचे पर्सेंटाइल इथे कुणी विचारत नाही. पुढे दरवर्षी ५० टक्के टिकवले तरच नूतनीकरण होतं.

आता कागद. खरी अडचण इथेच येते. माजी सैनिक असल्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सहीचा, बोनाफाईड कॉलेजच्या सहीचा आणि खातं आधारला जोडल्याचा दाखला बँकेचा. खातं विद्यार्थ्याच्याच नावाचं. शिवाय गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना सैन्याकडून मिळणारं नोंदींचं पुस्तक.

डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान नीट वाचा. माझ्या वडिलांच्या बुकात माझं नाव 'सोनू' होतं! पोस्टिंगवरून घाईत कळवलं, तेच टायपिस्टनं ठोकलं. दहावीच्या प्रमाणपत्रावर अर्थातच दुसरं. दुरुस्ती वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून होते. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगाव गाठावं लागतं. पत्र जाऊन उत्तर यायला वेळ लागतो, आणि पोर्टल तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून मूल अकरावीत गेलं की हे काम हातात घ्या, निकालाची वाट बघू नका. वडिलांची जिल्हा कार्यालयात नोंदणी आणि माजी सैनिक ओळखपत्र नसेल तर तेही तेव्हाच करून घ्या.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर ऑनलाइनच भरायचा. मूळ कागद स्कॅन करा, झेरॉक्सचा फोटो नको. मोबाइलवर काढलेला अर्धवट, सावली पडलेला फोटो परत येतो. अपलोड झाला की अर्ज आधी जिल्हा कार्यालयात, मग राज्याच्या सैनिक कल्याण विभागात जातो. महाराष्ट्राचा हा विभाग पुण्यात, घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर रायगड इमारतीत आहे. पण पुण्यात राहता म्हणून थेट तिथे फाइल घेऊन जाऊ नका, पहिली पायरी जिल्हा कार्यालयच. अर्ज परत आलाय का, हे अधूनमधून पोर्टलवर लॉगिन करून बघत राहा.

निवड प्राधान्यक्रमानं होते. युद्धात कामी आलेल्यांची मुलं आणि वीरपत्नी आधी, नेहमीसारखे निवृत्त झालेल्या जवानांची मुलं शेवटच्या गटात. तिथे बारावीचा एकेक टक्का मोलाचा.

वडील हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे असतील आणि मूल साधं बीए करत असेल, तर रक्षा मंत्री कल्याण निधीचं शैक्षणिक अनुदान बघा. पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते महिना १,००० वरून २,००० झालंय.