मांसात फळ घातलं की पोटात सडतं?

"मांस आणि फळ एकत्र खाल्लं की पोटात सडतं, विष तयार होतं" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. डुकराचं मटण अननस घालून करायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी तो हमखास दाखवतं.

आता कोल्हापुरातच बघा. मटण जून निघालं तर आपण कच्ची पपई वाटून लावतोच की. पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन मांसातली प्रथिनं तोडतात, म्हणून तुकडा मऊ पडतो. सडवणं हे जंतूंचं काम, हे ते नव्हे. शिवाय चांगली उकळी बसली की ही विकरं निकामी होतात. आणि पोटात मांस, फळ, भाकरी सगळं एकाच आम्लात घुसळलं जातं.

पडताळा घरीच घ्या. मटणाचे दोन तुकडे घ्या, एकाला ताज्या अननसाचा रस लावा, दुसऱ्याला उकळून गार केलेला. दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा आणि दोनेक तासांनी दाबून बघा. पहिला वरून पिठूळ लागेल, दुसरा जवळपास होता तसाच.

खरी काळजी वेगळीच आहे. डुकराचं मांस अर्धकच्चं राहिलं तर फीतकृमीचा धोका असतो. थर्मामीटर असेल तर मधोमध ७१ अंश सेल्सिअस भरू द्या. अननस मात्र रात्रभर लावून ठेवू नका, लगदा होतो.