न भेटलेल्या शब्दांचं गणित

इंग्रजी वाचणाऱ्यांचा एक समज असतो: भरपूर वाचत गेलं की एक दिवस अनोळखी शब्द भेटायचे थांबतात. ते थांबत नाहीत. वीस वर्षं रोज इंग्रजी वाचणाऱ्यालाही एखाद्या लेखात ‘ऑब्फस्केट’ किंवा ‘पर्स्पिकेशस’ आडवा येतो आणि आपलं इंग्रजी कच्चं राहिलं की काय, अशी शंका त्याला छळते. शंकेचं कारण नाही. भाषेत शब्दांची वाटणीच इतकी विषम आहे की हे होतच राहणार.

१९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून ब्राउन विद्यापीठात सुमारे १० लाख शब्दांचा एक संग्रह तयार झाला. त्यात एकट्या ‘द’ने जवळजवळ ७ टक्के जागा अडवली आहे, ‘ऑफ’ने साडेतीन टक्क्यांहून थोडी जास्त. अवघ्या १३५ शब्दांत निम्मा मजकूर संपतो. उरलेल्या निम्म्यात हजारो शब्द दाटीवाटीने राहतात आणि त्यांतले पुष्कळसे संपूर्ण संग्रहात एकदाच येतात. वारंवारतेच्या क्रमाने शब्द लावले तर दुसरा पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, दहावा दहाव्या हिश्शाइतका. हा झिफचा नियम. दुर्मीळ शब्द एकेकटा घेतला तर नगण्य, पण त्यांची संख्या एवढी मोठी की पानापानावर कुणी ना कुणी हजर असतो.

मग अजून किती शब्द भेटायचे बाकी आहेत, हे मोजता येईल का? जे पाहिलंच नाही ते कसं मोजायचं? उत्तर फुलपाखरांच्या जाळ्यातून आलं.

ॲलेक्झांडर कॉर्बेट या अभ्यासकाने मलायात दोन वर्षं फुलपाखरं पकडली. काही जातींची शेकडो सापडली, तर ११८ जातींचं प्रत्येकी एकच फुलपाखरू मिळालं. ७४ जाती दोनदा सापडल्या, ४४ तीनदा, २४ चारदा. आणखी दोन वर्षं जाळं लावलं तर किती नव्या जाती मिळतील, हा त्याचा प्रश्न संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याकडे गेला. १९४३ मध्ये या आकड्यांवर दोघांनी सहकाऱ्यासह निबंध प्रसिद्ध केला. आज हे उत्तर काढण्याची सर्वांत साधी रीत अशी: एकदा सापडलेल्या, वजा दोनदा सापडलेल्या, अधिक तीनदा, वजा चारदा, असं पुढे चालू ठेवायचं. उत्तर येतं सुमारे ७५.

पहिल्यांदा पाहताना ही जादू वाटते, म्हणून जरा खोलात जाऊ. समजा एखादा शब्द ठरावीक लांबीच्या मजकुरात सरासरी ‘स’ वेळा येतो. आपल्याला हवी आहे ती शक्यता अशी, की तो पहिल्या भागात एकदाही आला नाही आणि तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या भागात निदान एकदा आला. क्वचित घडणाऱ्या घटना मोजणाऱ्या प्वासाँच्या सूत्राने न येण्याची शक्यता म्हणजे ‘ई’चा (गणितातला स्थिरांक, सुमारे २.७१८) उणे ‘स’ घात, आणि निदान एकदा येण्याची शक्यता म्हणजे १ वजा तेच. या दुसऱ्या पदाचा विस्तार केला की ‘स’, वजा ‘स’चा वर्ग भागिले २, अधिक ‘स’चा घन भागिले ६, अशी श्रेणी मिळते. तिला न येण्याच्या शक्यतेने गुणलं की प्रत्येक पद ओळखीचं निघतं: पहिल्या भागात तो शब्द एकदा येण्याची शक्यता, वजा दोनदा येण्याची, अधिक तीनदा येण्याची. सगळ्या शब्दांसाठी बेरीज करा, ‘स’ गळून पडतो. न पाहिलेल्या शब्दांचा हिशेब पाहिलेल्या शब्दांच्या मोजणीत उतरतो. संख्याशास्त्रात इतकी सुंदर चलाखी क्वचितच सापडते.

हे अवघड गेलं असेल तर दुसरी वाट सोपी आहे. ही कल्पना गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांची. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेदन केंद्रात त्यांच्यासोबत काम केलेले आय. जे. गुड यांनी ती १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. वाचलेल्या मजकुरातला कोणताही एक शब्द उचला आणि तो सगळ्यांत शेवटी वाचला असं माना. तो ‘नवा’ केव्हा ठरेल? उरलेल्या मजकुरात तो कुठेच नसेल तेव्हा. म्हणजेच तो एकदाच आलेल्यांपैकी असेल तेव्हा. म्हणून पुढचा शब्द नवा असण्याची शक्यता = एकदाच आलेले शब्द भागिले (पुनरावृत्त्या धरून) एकूण शब्द.

ब्रॅडली एफ्रॉन आणि रोनाल्ड थिस्टेड या संख्याशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये हे गणित शेक्सपिअरला लावलं. त्याच्या लेखनात एकूण ८,८४,६४७ शब्द, त्यात वेगवेगळे ३१,५३४, आणि एकदाच आलेले १४,३७६. तेवढंच लेखन नव्याने सापडलं तर त्यात सुमारे ११,४३० शब्द पूर्वी न वापरलेले असतील, असं उत्तर आलं. १९८५ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या हस्तलिखितात ४२९ शब्दांची एक कविता शेक्सपिअरची म्हणून पुढे आली. साधा भागाकार करा: १४,३७६ भागिले ८,८४,६४७ म्हणजे ६१ ते ६२ शब्दांमागे एक नवा. ४२९ शब्दांत अपेक्षित सात. निघाले नऊ. कविता त्याचीच, हे यातून सिद्ध होत नाही आणि अनेक अभ्यासक ते मानतही नाहीत. पण अंदाज किती जवळ गेला ते पाहा.

हा प्रयोग स्वतःच्या वाचनावर करता येतो. दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा, पानावरच्या ओळींनी गुणा आणि एकूण ३,००० शब्द होतील एवढी पानं ठरवा. अर्थ न कळलेला प्रत्येक शब्द मूळ रूपात वहीत लिहा, पुन्हा आला की पुढे एक रेघ वाढवा. वाचताना कोश उघडू नका, नाहीतर शब्द ओळखीचा होतो आणि रेघ राहून जाते. समजा ४० अनोळखी शब्द निघाले: २९ एकदा, ७ दोनदा, ३ तीनदा, १ चारदा. म्हणजे ३,००० पैकी ५६ ठिकाणी अडलात, साधारण १.९ टक्के. मदतीशिवाय नीट समजण्यासाठी मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात असं पॉल नेशन यांच्यासारखे अभ्यासक मानतात, तेव्हा तुम्ही काठावर पास आहात. पुढच्या ३,००० शब्दांत नवे अनोळखी किती? २९ वजा ७ अधिक ३ वजा १, म्हणजे २४.

हीच रीत पुढच्या १२,००० शब्दांना, म्हणजे चौपट मोठ्या दुसऱ्या भागाला, लावायला गेलात तर प्रत्येक पदाला ४, १६, ६४, २५६ असा गुणक लागतो आणि उत्तर येतं उणे ६०. श्रेणी दुप्पट वाचनापर्यंत, म्हणजे पहिल्याइतक्याच दुसऱ्या भागापर्यंत, भरवशाची. त्यापुढे ती भरकटते. काही मिनिटांत ‘तुम्हाला २८ हजार शब्द येतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या चाचण्याही मूठभर शब्दांवरून असाच लांबचा अंदाज बांधतात. त्यांचा आकडा मनावर घेऊ नका.

बाकीच्या चुका मोजणीतल्या असतात. ‘ऑब्फस्केट’ आणि ‘ऑब्फस्केटेड’ वेगळे लिहिले की एकदा आलेल्यांचा आकडा फुगतो. विशेषनामं धरली तरी तेच. संभाषणातले शब्द धरले तर आणखी एक घोळ होतो: कानावर पडलेला ‘सेग्वे’ (segue) आणि पानावर ‘सेग’ असा वाचलेला शब्द एकच आहे हे लक्षात येत नाही, आणि एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात. ‘एपिटोम’ वाचणाऱ्याला ‘एपिटमी’ ऐकू आलं की हाच गोंधळ. तसंही बोलण्यात दुर्मीळ शब्दांचं पीक कमीच. हेज आणि ॲहरेन्स यांच्या १९८८ च्या मोजणीत पहिल्या दहा हजारांबाहेरचे शब्द वर्तमानपत्रात हजारी ६८, लहान मुलांच्या पुस्तकांत ३१, आणि पदवीधरांच्या गप्पांत फक्त १७ निघाले.

सर्वांत मोठी अडचण मात्र सूत्राच्या गृहीतकातच आहे. शब्द मजकुरात एकसारखे विखुरलेले असतात असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात ते झुंडीने येतात. एखादा शब्द लेखात एकदा आला की त्याच लेखात पुन्हा येण्याची शक्यता एकदम वाढते, कारण विषय तोच असतो आणि लेखकही तोच. केनेथ चर्च यांनी २००० साली दाखवलं, की आशयाचे शब्द एखाद्या लेखात दोनदा येण्याची शक्यता ही एकदा येण्याच्या शक्यतेच्या वर्गापेक्षा तिच्या निम्म्याच्या जवळ असते. तेव्हा ३,००० शब्द एकाच पुस्तकातून घेऊ नका. सहा ठिकाणांहून पाचपाचशे घ्या.

झुंडीचा हा गुण आणि आपलं लक्ष मिळून एक भास तयार होतो. आज कळलेला शब्द आठवड्यात तीनदा दिसतो. भाषाशास्त्रज्ञ आर्नल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये याला वारंवारतेचा भास म्हटलं. शब्द आधीही डोळ्यांखालून जात होता, फक्त अडकत नव्हता. यात ‘विश्वाचा संकेत’ शोधणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, की त्याच आठवड्यात भेटलेले आणि पुन्हा न दिसलेले शब्द कोणते? ती यादी कुणीच ठेवत नाही.

डोळा कुठे अडकतो, याचा उलटा परिणामही आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी हजारो वाचक चिठ्ठ्यांवर शब्द उतरवून पाठवत. संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये तक्रार केली, की ‘अब्यूजन’ या विचित्र शब्दाची सुमारे ५० उदाहरणं जमली, पण साध्या ‘अब्यूज’ची पाचही नाहीत. तुमच्या वहीतही हेच होणार. ‘सेस्क्विपेडेलियन’ हमखास टिपला जाईल. ‘सँक्शन’चा अर्थ मंजुरी असाही होतो आणि निर्बंध असाही, पण तो शब्द ओळखीचा म्हणून निसटेल. ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटनमध्ये प्रस्ताव चर्चेला मांडण्यासाठी, तर अमेरिकेत बाजूला ठेवण्यासाठी वापरतात. वाचक मात्र ते पाठ असल्यासारखा पुढे जातो. म्हणून दुसऱ्या वाचनात, सगळे शब्द माहीत असूनही वाक्य न लागलेली ठिकाणं वेगळ्या खुणेने नोंदवा. ती धरेपर्यंत २४ हा आकडा कमीच आहे असं समजायचं.