संत्री, गाजर आणि बिडी ओढणाऱ्याचे फुफ्फुस

आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरू लागली की नागपुरात मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो : रोज दोन संत्री आणि पेलाभर गाजराचा रस घेतल्यास बिडी-सिगारेटने काळवंडलेले फुफ्फुस धुऊन निघते. संत्री आणि गाजर अवश्य खावीत; परंतु धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात या केशरी रंगद्रव्यांचे काय होते, हे हजारो माणसांवर तपासले गेले आहे आणि त्याचा निष्कर्ष प्रत्येक बिडी ओढणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवा.

गाजराचा रंग मुख्यतः बीटा-कॅरोटीनचा. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांतून दिसत होते. रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये 'नेचर'मध्ये हे श्रेय बीटा-कॅरोटीनचे असू शकेल का, असा प्रश्न मांडला आणि काटेकोर चाचण्यांचा आग्रह धरला. त्यानुसार फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी 18 टक्क्यांनी वाढलेले होते. अमेरिकेत 18,314 जणांवर चाललेल्या दुसऱ्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या जोडीला 'अ' जीवनसत्त्वही दिले जात होते. तेथे ही वाढ 28 टक्के दिसली आणि 1996 च्या जानेवारीत गोळ्या मुदतीपूर्वीच थांबवाव्या लागल्या.

असे का झाले असावे, याचा माग फेरेट या मुंगसासारख्या लांबट बांध्याच्या प्राण्यावर घेतला गेला, कारण त्याचे शरीर बीटा-कॅरोटीन बरेचसे माणसासारखेच हाताळते. एरवी या रेणूचे बरोबर मधोमध दोन तुकडे होतात, त्यांपासून रेटिनॉइक आम्ल बनते आणि ते पेशीकेंद्रातील ग्राही प्रथिनाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटते. श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींनी किती वाढायचे आणि कोणते रूप घ्यायचे, हे ठरवण्यात या जोडीचा मोठा वाटा असतो. धुराने भरलेल्या फुफ्फुसात मात्र ऑक्सिडीकरण घडवणाऱ्या रेणूंची गर्दी असते. तेथे बीटा-कॅरोटीनचा मोठा साठा आला की त्याची साखळी भलत्याच ठिकाणी तुटते. हे वेडेवाकडे तुकडे सायटोक्रोम पी-450 गटातील विकरे (एन्झाइम) वाढवतात आणि ती विकरे पेशीत आधीपासून असलेले रेटिनॉइक आम्लही फोडून टाकतात. आम्ल घटले की ग्राही प्रथिनही कमी होते, त्याच्या धाकात असलेले एपी-1 हे पेशीविभाजनाला चालना देणारे प्रथिन-संकुल मोकाट सुटते, आणि मूळ पेशींच्या जागी चपट्या पेशींचे थर चढू लागतात, जी कर्करोगापूर्वीची एक पायरी मानली जाते. ज्या रेणूपासून पेशीला शिस्त लावणारे आम्ल तयार होते, तोच रेणू अतिरेकी मात्रेत त्या आम्लाच्या नाशाला कारण होतो, हे मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते.

याच प्राण्यांना आहारातून मिळते तेवढी अल्प मात्रा दिली तेव्हा ही हानी दिसली नाही. गाजरातील बीटा-कॅरोटीन पेशींच्या भिंतींत अडकलेले असल्याने त्याचा थोडाच भाग शोषला जातो. फिनलंडमधील गोळीने मात्र रक्तातील त्याची पातळी दहा पटींहून अधिक वाढवली होती. संत्र्यातील बीटा-क्रिप्टोझँथिन या रंगद्रव्याबद्दल बोलायचे, तर सात दीर्घकालीन पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ते आहारातून अधिक घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग काहीसा कमी आढळला. पण फळे आवर्जून खाणारी माणसे बहुधा धूम्रपानही कमी करतात, आणि हा गुंता आकडेमोडीतून पूर्णपणे सुटत नाही. धूम्रपानाने हा धोका 15 ते 30 पट वाढतो. एवढ्या वाढीची भरपाई करील असे फळ नाही, मग ते आपल्या नागपूरचे का असेना.

'फुफ्फुस शुद्धी'च्या नावाने विकले जाणारे काढे आणि कॅप्सूल मला म्हणूनच धोकादायक वाटतात. त्यांच्या भरवशावर बिडी चालू राहते आणि महिनोन्‌महिने टिकलेला खोकला किंवा थुंकीतले रक्त डॉक्टरांना दाखवायचे राहून जाते. वयोमानानुसार होणाऱ्या डोळ्यांच्या पडद्याच्या विकारासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतही पूर्वी बीटा-कॅरोटीन असे. 2013 च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग अधिक आढळला आणि त्यांतील बहुतेक जण पूर्वी धूम्रपान केलेले होते. त्याऐवजी ल्युटिन आणि झियाझँथिन ही रंगद्रव्ये वापरावीत, असे तेव्हापासून सुचवले जाते. त्यामुळे घरातल्या आजोबांनी कधीकाळी बिडी ओढली असेल, तर त्यांच्या जीवनसत्त्वांच्या पाकिटावरील घटकांची यादी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावी.